ढोलवाला का आला नाही

२८ जून २००४, सोमवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भीमराज कंडक्टर माझ्या दारात उभा राहिला. अंगावर खाकी, खांद्याला चामड्याची बॅग आणि काखेत एक इंग्रजी कादंबरी.

औराद–बिदर गाडीवरचा हा कंडक्टर औरादमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा होता. माझ्या तर जास्तच, कारण तो आमच्या गावचा. चिंताकीच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथून आत तीन किलोमीटरवर ते गाव. मी तिथल्या पाटलांच्या घरातली सून. यजमान गेल्यापासून औरादला राहते. भीमराजचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात.

“अक्का, आत येऊ का?”

“ये. आणि गाडी?”

“गाडी चारला हाय. ड्रायवर झोपलाय. तवर तुमचा टाइम पायजे होता.”

तो बसला आणि कादंबरी माझ्यासमोर ठेवली. तिच्या पानांत खुणेसाठी तिकिटं घातलेली होती.

भीमराजचे वडील मरेप्पा शेतमजूर. आई इंदिराबाई. औरादच्या वसतिगृहात राहून तो शिकला, बिदरला बी.ए. झाला आणि चोविसाव्या वर्षी बसवर लागला. लग्न झालं, बायको पंचशीला, दोन मुलं. सरकारी नोकरी मिळाली की आमच्याकडे माणूस सुटला असं समजतात. पण हा पस्तिसाव्या वर्षी पत्राद्वारे एम.ए.ला बसला, विषय इंग्रजी. अभ्यास बसमध्येच चाले. तिकिटं फाडून झाली की मागच्या सीटवर बसून वाचायचा. लोक चिडवत, “मास्तर, पुस्तक मिटा, आमचं गाव मागं गेलं.” एकदा खरोखरच संतपूरचा थांबा राहिला. चन्नव्वा नावाची भाजीवाली पुढच्या फाट्यावर उतरली आणि म्हणाली, “तुझ्या इंग्रजीपायी मला दीड मैल चालाया लावलास रे बाबा.” दुसऱ्या दिवशी त्यानं तिची टोपली स्वतः उतरवून दिली, तरी ती महिनाभर त्याला ‘इंग्रज’ म्हणत होती.

एम.ए. झालं, सेकंड क्लास. आणि आता एका खासगी संस्थेच्या कॉलेजात इंग्रजीची जागा निघाली होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांत अशी कॉलेजं बरीच निघाली. मुलं हैद्राबादला, पुण्याला निघाली होती, आणि इंग्रजी आलं नाही तर तिकडे वॉचमनची सुद्धा नोकरी नाही असं सगळे म्हणत. त्या कॉलेजातला आधीचा इंग्रजीचा प्राध्यापकच हैद्राबादच्या एका कंपनीत फोनवर बोलायच्या नोकरीला निघून गेला होता. जागा एका वर्षाची, दर जूनला नवी ऑर्डर. निवडीसाठी कमिटीसमोर एक तास शिकवून दाखवायचा. दिलेला पाठ म्हणजे बी.ए.ला नेमलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण.

“सरकारी नोकरी आहे की तुला,” मी म्हटलं.

“हाय. पगार बी हाय. बिनपगारी रजा देतेत वर्षाची, म्हंजी हिकडं जमलं न्हाई तर परत जाता येतंय.” मग थोडा थांबून म्हणाला, “पर अक्का, इंग्रजीतलं एक वाक्य मोठ्यानं बोलावं वाटलं तर बसमदी कुणाला बोलू?”

मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर उच्चारांच्या बाबतीत फार कडक होत्या. ते सगळं शिक्षण लग्नानंतर पत्रांवरचे पत्ते लिहिण्यापुरतं उरलं होतं. तेव्हा भीमराजचं हे बोलणं मला चटकन समजलं. मी हो म्हटलं. त्याला घरातल्याच कपात चहा दिला आणि रात्री डायरीत तसं लिहिलं. ते लिहावंसं वाटलं, हे मला पुढे खटकलं.

कादंबरी थोडक्यात सांगते. समुद्राकाठच्या एका दूरच्या देशातलं नदीवरचं गाव. गावात झाडाच्या खोडाचा एक मोठा ढोल. जन्म असो, लढाई असो, मरण असो, ढोलाशिवाय काही होत नाही. मेलेल्या माणसाची वार्ता ढोल पूर्वजांना कळवतो, मगच पूर्वज त्याला आपल्यात घेतात. मग गोरे लोक येतात. आधी व्यापार, मग मिशन, मग शाळा, मग कचेरी. गावाचं एकेक काही गळत जातं. शेवटच्या प्रकरणात म्हातारा मुखिया मरतो. माणसं ढोलवाल्याला बोलवायला जातात. तो मिशनच्या आवारात नवा सदरा घालून पाटीवर अक्षरं गिरवत बसलेला असतो. तो येत नाही. मुखियाला ढोलाशिवाय नेतात. वाटेत त्याचा लहान नातू विचारतो, आजोबा येतायत हे पूर्वजांना कसं कळणार? कुणी उत्तर देत नाही. तिथे कादंबरी संपते.

हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. गाइडमध्ये लिहिलं होतं की ढोलाची शांतता म्हणजे एका संस्कृतीचा मृत्यू, आणि मला ते पूर्ण पटलं होतं.

आठ दिवस भीमराज रोज दुपारी येत होता. उच्चार लवकर सुधारले. आवाज मुळातच चांगला, चौदा वर्षं इंजिनाच्या आवाजाच्या वर बोलून तयार झालेला. मी त्याला सांगितलं, “नातवाचं शेवटचं वाक्य वाचलंस की लगेच बोलू नकोस. मनात पाचापर्यंत मोज. वर्ग गप्प होऊ दे. मग पुढचं बोल.”

पाचव्या दिवशी तो वाचता वाचता थांबला.

“अक्का, ढोलवाला कामून आला न्हाई?”

“मिशनमध्ये गेला ना तो. धर्म बदलला.”

“ते झालं. पर त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, ते लेखकानं कुटंच लिवलं न्हाई. मुखिया मरायलाय तर त्याच्या मनातलं आठ पानं हाय. नातवाचं हाय. कुत्र्याचं बी हाय दोन ओळी.”

“इथे महत्त्व शांततेला आहे, भीमराज. ढोलवाला हे निमित्त.”

त्यानं मागची पानं चाळली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. ढोलवाल्यांची घरं गावाबाहेर होती, त्यांना पंगतीत घेत नसत, असं तिथे एका वाक्यात होतं. मी ते वाक्य दोनदा वाचूनही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

“आमचे बाबा हलगी वाजवायचे,” तो म्हणाला. “छप्पन सालानंतर वाड्यातल्या लोकांनी ठरवलं, मेलेलं ढोर वडायचं न्हाई, हलगी वाजवायची न्हाई. बाकीच्यांनी लगेच सोडलं. बाबांना पाच-सा वर्षं लागली. मग एका मर्तिकाला बोलावणं आलं, ते गेले न्हाईत.”

कुणाचं मर्तिक ते त्यानं सांगितलं नाही. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. ते माझ्या सासऱ्यांचं होतं.

मग मी त्याला जे सांगितलं ते आज जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, “तुझं म्हणणं खरं असेल. पण कमिटीला गाइडमधलं उत्तर माहीत आहे. आधी नेमणूक होऊ दे. एकदा वर्गात गेलास की तुला पटेल ते शिकव.”

“व्हय,” तो म्हणाला. “नौकरी पायजे हाय मला.” आणि त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं, पाचापर्यंत मोजून.

८ जुलैला पाठ झाला. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. संस्थेचे अध्यक्ष जगदेवप्पा, डाळमिलवाले, माझ्या यजमानांचे जुने स्नेही. ते पहिल्याच बाकावर बसले होते.

“मोजलं अक्का. तीनपर्यंत आलो तवर जगदेवप्पा अण्णांनी रुमाल काढला.”

आम्ही दोघंही हसलो. नेमणूक झाली. त्यानं डेपोत वर्षभराची बिनपगारी रजा टाकली, पंचशीलानं दोन पांढरे सदरे शिवून आणले. कॉलेजला तो बसनंच जाई. जुने सोबती दारात हाका मारत, “सर, जरा मागं सरका, तिकिटं हुयाचेत.” त्याला ते आवडायचं. मुलांनाही तो आवडला. इंग्रजीच्या तासाला मागचे बाक भरू लागले असं मला दोन-तीन ठिकाणांहून कळलं. शेवटचं प्रकरण मात्र त्यानं गाइडप्रमाणेच शिकवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “पुढच्या ऑर्डरीनंतर बगू.”

जानेवारीत एका रविवारी तो आला. खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी टेकला. आदल्या दिवशी जगदेवप्पांनी त्याला ऑफिसात बोलावलं होतं. काय बोलणं झालं ते त्यानं मला जसं सांगितलं, तसं देते.

जगदेवप्पा म्हणाले, “सर, यंदा गॅदरिंगला मंत्री यायलेत. ते डीजे-बीजे नको. आपल्या मातीतलं कायतरी पायजे. हलगी लावू.”

भीमराज म्हणाला, “उदगीरचं एक पथक हाय अण्णा, मी इचारतो.”

“पथक कशाला? तुमीच वाजवा की. त्या दिवशी ढोलावर काय बोललाव तुमी. मला तवाच कळलं, ह्या माणसाच्या आत हाय ते. वडलांची हलगी असंल की घरात.”

“घरात न्हाई अण्णा.”

“न्हाई तर आणू. इंग्रजीचा प्राध्यापक हलगी वाजवतो म्हटल्यावर पेपरात फोटू येतंय. आणि जूनमधी तुमची ऑर्डर मीच काढणार हाव, ध्यानात ठेवा.” आणि ते मोकळेपणानं हसले.

“धमकी दिली की काय?” मी विचारलं.

“न्हाई. मान द्यायलेत अक्का ते मला. तेच तर हाय.” तो उंबऱ्याकडं बघत म्हणाला. “शिव्या दिल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. मीच त्यांच्यापुढं हलगीसाठी रडलो. आता ते म्हणायलेत, घे वाजव. त्यांचं काय चुकलं?”

तो मला दोष देत नव्हता. पण त्याला रडायला शिकवलं होतं मीच, मधली शांतता मोजून.

मी उठले आणि ट्रंकेतून १९६२ ची डायरी काढली. वयाच्या चौदाव्या वर्षापासून एकही दिवस मी चुकवलेला नाही. जेवण, पाहुणे, ताप, पाऊस, सगळं लिहिलेलं आहे. मला वाटलं, मरेप्पाचंही त्यात असेल. त्याच्या मुलाला ते वाचायला द्यावं. न बघता दिली, ही माझी चूक.

१५ मेची नोंद त्यानं मोठ्यानं वाचली. मामंजी पहाटे गेले. हलगीला माणूस पाठवला, कुणी आलं नाही. घरापासून ओढ्यापर्यंत नुसता पावलांचा आवाज. मामंजींना कुणी चोरून गावाबाहेर नेत असल्यासारखं वाटलं. किती पिढ्यांची रीत आज आमच्या दारात संपली. अशी तीन पानं होती. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला चांगलं लिहिता येतं याची मला जाणीव होती, हे त्या तीन पानांत स्पष्ट दिसतं.

“चांगलं लिवलाव अक्का. पुस्तकातल्यासारकंच हाय.”

मग तो पानं उलटू लागला. १६ मे, १७ मे, १८ मे. बोट ओळींवरून फिरत होतं. तो बापाचं नाव शोधत होता.

“बाबा कुटं हायत ह्याच्यात?”

मरेप्पाचं नाव कुठेच नव्हतं. त्या पंधरवड्यात गावानं काय केलं ते मला माहीत होतं. मरेप्पाच्या घरची ज्वारी गिरणीत दळून द्यायची नाही असं ठरलं. दुकानात मीठ-तेल बंद. शेतांतून जायची वाट बंद. कुणी कामाला बोलवायचं नाही. दोन महिन्यांनी मरेप्पा हैद्राबादला हमालीला गेला आणि दोन वर्षांनी परत आला. हे ठरलं आमच्याच ओसरीवर, माझ्या यजमानांसमोर. त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे: ‘बाहेर माणसं बसली होती. चहा पाच वेळा झाला. दूध पुरलं नाही.’ तेराव्यानंतरच्या पानावर लोणच्याच्या कैऱ्यांचं लिहिलं आहे, फोडी किती मोठ्या करायच्या ते.

भीमराजनं डायरी मिटून माझ्या हातात दिली. “पाच वेळा चहा म्हंजी लई येळ बसले असतील,” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गावी गेले. का जाते ते मलाही नीट सांगता आलं नसतं. फाट्यापासून जीप मिळाली. गावातली निम्मी घरं कुलपात होती, माणसं हैद्राबाद नाहीतर पुण्याला. बौद्धवाड्यात मी सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाऊल ठेवलं.

इंदिराबाई बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“पाटलीणबाई, वाट चुकलाव का?”

“नाही. तुमच्याकडेच आले.”

“मग बसा. बाज मोडत न्हाई.”

भीमराजनं आईला इकडचं तिकडचं काही न सांगता सरळ विचारलं, “आई, त्या दिवशी पाटलाकडनं बोलावणं आलं तवा बाबा काय म्हणले?”

“काय म्हणायचंय? जेवायला बसले होते. भाकर आन् अंबाड्याची भाजी. ह्यांचा गडी निंगप्पा आला, लांबूनच वरडला, चल म्हणून. तर सांगितलं, जेवायलोय म्हणावं.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग जेवले.” त्या शेंगा फोडत राहिल्या. “त्याच्या आगूदर त्यांचं ताट कवा पुरं झालं न्हवतं बगा. मर्तिकाचं बोलावणं आलं की हात धुवायचा आन् पळायचं. माणसं काय आमचं जेवण बगून मरतेत व्हय? त्या दिवशी निवांत जेवले. आनिक भाकर मागितली. मी म्हणलं, संपल्या. तर म्हणले, थाप. निंगप्पा भाइर हुबा, आन् मी पीठ मळायले. भाकर गोल बी हुईना.”

“भ्याले न्हवते का?” भीमराजनं विचारलं.

“भ्याले की. निंगप्पा गेला तसं मागच्या दारी जाऊन समदं वकले.” त्या पहिल्यांदा हसल्या. “हे लोकाला सांगू नकोस. तुला बी आत्ताच सांगायले मी. हलगीचं कडं मी चुलीत घातलं दुसऱ्या दिवशी. वलं होतं, लई धूर झाला.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “च्या घेतलाव का?” मी हो म्हटलं. त्यांनी चहा केला आणि मी प्यायले. गिरणीचं, दुकानाचं, वाटेचं त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी पण काढलं नाही. काढायला गेले होते की नाही, कोण जाणे.

परतताना फाट्यावर जीपमधून उतरल्यावर भीमराज म्हणाला, “ओकले म्हणे. मला वाटायचं, बाबा लई धीट होते.”

सोमवारी तो अध्यक्षांकडे गेला आणि मी हलगी वाजवणार नाही असं सांगितलं. जगदेवप्पा म्हणाले, ठीक आहे, लाजू नका, पुढच्या वर्षी. उदगीरचं पथक आलं. मंत्री तीन तास उशिरा आले.

आणि त्याच आठवड्यात, पुढच्या ऑर्डरीची वाट न बघता, भीमराजनं शेवटचं प्रकरण पुन्हा शिकवायला घेतलं. मुलांना म्हणाला, मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. मुखियाच्या घरातून बघितलं तर काय दिसतं ते सांगितलं. आता ढोलवाल्याच्या घरातून बघू. पुस्तकात ते घर नाही, म्हणून माझ्या घरातलं सांगतो. मग त्यानं भाकरीचं सांगितलं, ओकण्याचंही सांगितलं, आणि गावानं नंतर काय केलं तेही, कुणाचं नाव न घेता. संस्कृती मेली हे खरं आहे, तो म्हणाला. गोऱ्यांनी लोकांचं पुष्कळ काही मोडलं, हेही खरं आहे. पण त्या मोडण्यातून एक माणूस ताटावरून उठायचं थांबला, हेही तेवढंच खरं आहे, आणि हे दोन्ही एकाच दिवशी झालं.

मग रूपा नावाची एक मुलगी उभी राहिली. तिचा आजा मेंढरं राखायचा, बाप आता पुण्याला बांधकामावर. ती म्हणाली, “सर, परीक्षेत कोणतं लिवायचं?”

“दोन्ही लिवा. आधी गाइडमधलं, मग आपलं.”

“जागा पुरत न्हाई सर. दहा मार्काला दोनच पानं देतेत.”

हे सांगताना भीमराज पोट धरून हसला होता. त्या वर्षात मी त्याला तसं हसताना नंतर पाहिलं नाही.

मेच्या अखेरीस जगदेवप्पांचा फोन आला.

“वहिनी, तुमच्या माणसानं हे काय चालवलंय? पोरांस्नी सांगायलाय, ढोलवाला जेवत होता म्हणून. पुस्तकात हाय का असं कुटं?”

“पुस्तकात नाही.”

“मग? दोघा-तिघा पालकांनी येऊन सांगितलं मला. गावागावांतलं जुनं कशाला उकरायचं? आता कोण काय पाळतंय? तुमीच तयारी करून घेतलाव त्याची, म्हणून तुमाला इचारायलो. कसा हाय माणूस?”

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. माझा शब्द त्यांच्याकडे चालतो, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. मला एवढं सांगता आलं असतं की ज्या मर्तिकाला तो ढोलवाला आला नाही ते माझ्या सासऱ्यांचं, आणि तो खरोखरच जेवत होता. की भीमराजनं वर्गात सांगितलं त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, आणि मरेप्पाला वाळीत टाकायचं माझ्या ओसरीवर ठरलं. यजमानांचं नाव आलं असतं. ते जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि जगदेवप्पा अजून त्यांच्या पुण्यतिथीला हार घेऊन येतात.

मी म्हटलं, “तरुण आहे. मी समजावते.”

भीमराज तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता.

मी समजावलं नाही. काय समजावणार? पण जगदेवप्पांना लगेच फोनही केला नाही. नेमणुकांची बैठक २० जूनला, सोमवारी होती. रविवारी दुपारी मी नंबर लावला. जगदेवप्पांच्या पत्नी चंद्रम्मांनी उचलला. म्हणाल्या, हे बिदरला गेलेत, संध्याकाळी येतील, काही निरोप आहे का? मी म्हटलं, नाही, सहज केला होता. त्यांनी तब्येतीची चौकशी केली. संध्याकाळी मी पुन्हा फोन करायचा म्हणून दिवेलागणीपासून बसून होते. मग जेवणाची वेळ झाली.

भीमराजला ऑर्डर मिळाली नाही. कारण लिहून दिलं नव्हतं, द्यावं लागतही नाही. त्याच्या जागी गुलबर्ग्याचा एक मुलगा आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो दुपारी आला. खाकीत, बॅग खांद्याला. ड्यूटी परत धरली होती, तीच गाडी. मी चहा ठेवायला उठले तर नको म्हणाला.

“अक्का, एक इचारायचं होतं. जगदेवप्पा अण्णा म्हणले, तुमच्या अक्कांना बी इचारलं होतं. तुमी काय सांगितलाव?”

मी त्याला सांगितलं. जे म्हटलं ते, आणि रविवारच्या फोनचंही. तो ऐकत होता, मान थोडी तिरकी करून, बसमध्ये कुणी गावाचं नाव हळू आवाजात सांगितलं की तो ऐकायचा तसा.

“मी तुझं नुकसान केलं,” मी म्हटलं.

“नुकसान मी माझं केलो. ते मला मान्य हाय.” मग म्हणाला, “पर तुमाला कुणीतरी इचारलं तरी, अक्का. बाबांना कुणी इचारलं बी न्हवतं.”

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं, असं मला वाटतं. तो उठला, चारची गाडी होती.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. इंदिराबाई वारल्या. भीमराजची मुलगी बंगळूरला नर्सिंगला आहे. तो औरादला असला की अधूनमधून येतो, दारातच उभा राहून गावच्या बातम्या सांगतो, कुणाचं घर पडलं, कुणी परत आलं. पुस्तकांचं बोलत नाही. मी त्याला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत आले होते. त्या जुलैनंतर ‘तुम्ही’ म्हणायला लागले. त्याच्या ते लक्षात आलं आहे. त्यानं एकदाच विचारलं, “कामून अक्का, परका झालो का मी?”